भुंग्याची तीन बटनं

माझ्या मालकाचं नाव गोरक्ष. लगीन झाल्यापासून हे नाव मी कवा तोंडातनं काढलं न्हवतं. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. घ्यायचंच झालं तर उखान्यात, तेबी पदर तोंडाला लावून. आता मी घेते. चार मानसांत घेते, आन कुनी नाक मुरडलं तर त्याच्याकडं बघून परत घेते. असं का, ते सांगते. बसा, पानी प्या.

गोरक्ष घोडेगावच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचे. बास म्हनजे चार जाड तारांची गिटार, गान्याच्या बुडाशी बसून धुमधुम करनारी. लोक गानाऱ्याला टाळ्या देत्यात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मारत्यात. बासवाल्याकडं कुत्रं बी बघत न्हाई. मालकांच्या मनाला हेच लागलं हुतं. दिवसभर लोकांच्या विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करायच्या, सांजच्याला घरी येऊन म्हनायचं, "साळू, एक दिस लोक मान वळवून माझ्याकडं बघतील."

मग दुष्काळाच्या आदल्या साली पावसाळ्यात कार्यक्रम बंद हुते, तवा ऑर्केस्ट्राचा स्पीकर त्यांनी आमच्या घरी आनला आन सासऱ्यांचा पितळी पानाचा डबा मागून घेतला. आत मोडक्या रेडिओचे तुकडे डाख देऊन जोडले, वर पायानं दाबायची कळ बसवली आन शेजारी रेडिओचीच तीन बटनं. गिटारीची वायर डब्यात जायची, डब्यातनं स्पीकरला. कळ दाबली की ती मवाळ धुमधुम अशी फाटायची, अशी गुरगुरायची, जसा घराच्या वाशात काळा भुंगा शिरून लाकूड पोखरतोय. म्हनून त्या डब्याचं नाव भुंगा.

बटनं मी फिरवायची. त्यांचे दोनी हात तारांवर गुंतलेले, वाकून बटनाला हात लावला की गानं तुटायचं. मग मी त्यांच्या पायाशी भुईवर बसायची आन ते सांगतील तसं फिरवायची. पयलं बटन आवाजाचं. दुसरं डंखाचं, म्हनजे सूर किती फाडायचा त्याचं. तिसरं धारेचं, ते उजवीकडं नेलं की आवाज सुईवानी टोचायचा, डावीकडं नेलं की गोधडी पांघरल्यागत हुयाचा. "साळू, डंख वाढीव. आजून. लई झाला, मागं घे. धार मोड थोडी." अख्खा पावसाळा आमचा असा गेला. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं सुखाचं दुसरं काय झालं असंल, तर मला ते आठवत न्हाई.

एक गोष्ट त्यांना बाजाराच्या कार्यक्रमात कळली. घरात छोट्या स्पीकरवर डंख पुरा फिरवला तरी गोड लागतो. मैदानात तसं केलं तर मेलो. तिथं स्पीकरपुढं माईक असतो, माईकचा आवाज खांबावरच्या भोंग्यांना जातो, भोंग्यांचा आवाज फिरून गिटारीत शिरतो, आन गिटारीतनं परत भुंग्यात. चक्कीच सुरू हुती. मग मानूस हात बी न लावता गिटार किंचाळाय लागते. घरी येऊन त्यांनी मला बजावलं, "मैदानात डंख पाव, धार बंद, आवाज पुरा. हे फकस्त तुला आन मला." वाजवून झालं की तिन्ही बटनं शून्यावर फिरवून ठेवायचे. ऑर्केस्ट्रात बाकी कुनाला पत्ता लागू दिला न्हाई. राधाकृष्णाला सुदीक न्हाई.

हा राधाकृष्ण म्हनजे त्यांचा घोडेगावचा जिवाभावाचा दोस्त. ऑर्केस्ट्रात दुसरी गिटार वाजवायचा. आमच्या घरात त्याचं उठनं-बसनं, माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या त्यानं. मला वहिनी म्हनायचा.

पुढल्या सालच्या श्रावनात मालकांना कावीळ झाली. झाडपाला झाला, नगरचा दवाखाना झाला. गेले.

दहाव्याला आमी समदी प्रवरासंगमाला गेल्तो. घर उघडंच. आमच्या शिंगणापुरात घराला दारं नसत्यात, ते समद्या मुलखाला ठाव हाय. शनिदेवाचं गाव, इथं कोन चोरी करनार? कुत्रं शिरू नये म्हनून एक फळी आडवी लावायची, एवढाच बंदोबस्त. सांजच्याला आमी माघारी आलो तर फळी बाजूला हुती आन कोनाड्यातला भुंगा गायब.

दुसऱ्याच दिवशी कळलं की राधाकृष्णाकडं हाय. तो लपवत बी न्हवता. बास वाजवायची जागा आता त्याचीच, आन सगळ्यांना सांगत सुटला हुता की भुंगा त्यानंच बनवला, गोरक्षला नुसता वाजवाय दिल्ता, आता आपली वस्तू आपन माघारी आनली. मेलेल्या मानसाला काय तोंड उघडता येतंय? मी तशीच आप्पासाहेबांकडं गेले. गावात त्यांचा शब्द चालायचा. म्हनलं, "माझ्या घरात चोरी झाली."

आप्पासाहेब ओट्यावर बसले हुते. त्यांनी आदी इकडंतिकडं बघितलं, कुनी ऐकलं तर न्हाई ना. मग म्हनले, "पोरी, जीभ आवर. ह्या गावात चोरी होत न्हाई."

"झालीया की. माझ्या कोनाड्यातनं झालीया."

"चोरी करनारा येशीच्या भाईर धड जात न्हाई, आंधळा हुतो. राधाकृष्ण धड गेला का न्हाई? मग त्यानं नेलं ते त्याचंच हुतं. सरळ हाय."

आता बोला. चोर धडधाकट हाय म्हनून तो चोर न्हवं. मी मान हलवतच ऱ्हायले. गावात चार घरं फिरले, चारी घरी हेच. माझ्या सासूबाई, रंगुबाई, त्यांना मी आत्याबाई म्हनते, त्या बी म्हनल्या, "साळू, तुझ्या मालकानंच पानाचा डबा त्याला दिला असंल, त्यात त्यानं यंत्र बसवलं असंल. देवाच्या गावाला बट्टा लावू नको. काय खोटं असंल तर देव बघून घेईल."

मी म्हनलं, "देवाला लई कामं हायती. माझी पाळी येईस्तोवर मी म्हातारी हुईन."

खरं सांगते, डब्यासाठी माझा जीव तुटत न्हवता. तुटत हुता, पन तेवढ्यासाठी न्हाई. आयुष्यभर त्या मानसाला वाटलं की लोकांनी मान वळवून बघावं, आन आता लोक मान वळवत हुते तर राधाकृष्णाकडं. "राधाकृष्णाचा भुंगा" असं म्हनायला लागले हुते. माझ्या मालकाचं मागं ऱ्हायलं ते एवढंच, आन तेबी ह्या मेल्यानं आपल्या नावावर केलं. मला ते नाव माघारी पायजे हुतं, आन ते त्याच्याच तोंडून. गावानं जो शब्द माझ्या तोंडात दाबला तो शब्द मला त्याच्या जिभेवर बघायचा हुता.

दिवाळी झाली तवा एका मंगळवारी राधाकृष्ण आला. शनवार टाळून आला, ध्यानात घ्या. संगं पेढ्याचा पुडा आन टावेलात गुंडाळलेला भुंगा.

"वहिनी," तो म्हनला, "श्रीगोंद्याकडं एका कारखान्यावर मोळी टाकायचा कार्यक्रम हाय. गळिताचा हंगाम सुरू हुनार, पुन्याची मोठी पार्टी ऐकाय येनार हाय. चांगलं वाजवलं तर मला पुन्याला नेत्यात. पन हा भुंगा नीट बोलत न्हाई हो. नुसतं खरखर करतोय. गोरक्षची बटनं तुमी बघितल्याली असतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्यानं बनवला त्यालाच बटनं ठाव न्हाईत, आन तोंड वर करून विचारतोय कुनाला, तर माझ्याच मालकाच्या बायकोला. वाटलं, चुलीतलं लाकूड काढावं आन हानावं. पन मी पदर सारखा केला आन म्हनलं, "बसा भावजी. शिकवते की. पन आदी देवाला तेल घालून या. गावात येऊन देवाला न भेटता जानार का तुमी?"

त्याचं तोंडच उतरलं. "मला सर्दी झालीया," म्हनला.

"विहिरीचं पानी कोमट असतंय. आंघोळ करा, ओल्या पंचानं जा आन या. तेलाची बुधली मी देते. लोक काय म्हनतील, राधाकृष्ण देवाला चुकवून गेला?"

ह्या बोलण्यावर त्याला पळवाट न्हवती. गेला बापडा. आमा बायांना चौथऱ्यावर चढता येत न्हाई, म्हनून मी आत्याबाईंना म्हनलं, खालनं बघून तरी या, कसं तेल घालतोय. त्या गेल्या. तेवढ्यात मी भुंगा मांडीवर घेतला. बटनांवर मालकांच्या बोटांचा मळ तसाच हुता. मी पुसला न्हाई.

आत्याबाई माघारी आल्या त्या भिंतीला टेकूनच खाली बसल्या. "साळू," म्हनल्या, "त्यानं देवाकडं मान वर करून बघितलं न्हाई. आर्धं तेल पायावर सांडलं. त्यानंच चोरलाय गं." आन मग हळूच म्हनल्या, "चुलीमागं लपीव. न्हाई म्हनून सांगू."

"आत्याबाई, लपवला तर चोर मी ठरनार. तसं न्हाई करायचं."

राधाकृष्ण काकडत आला, दातावर दात वाजत हुते. त्याला चहा दिला आन मी शिकवाय बसले. स्पीकर न्हवता, नुसतंच हातानं दाखवलं. "हे आवाजाचं, ते निम्मं ठेवा. हे डंखाचं, ते पुरं उजवीकडं. हे धारेचं, तेबी पुरं. घरी लावून बघा, गोड लागतो का न्हाई ते मला सांगा." हे समदं खरं हुतं. घरात असंच गोड लागायचं. मग तो उठता उठता मी आजून एक सांगितलं. "आन भावजी, मैदानात कवा किंचाळला तर घाबरायचं न्हाई. आवाजाचं बटन पुढं सारायचं. मोठा आवाज किंचाळ्या दाबून टाकतो." हे एवढं मातर खोटं.

तो माझ्या पाया पडाय वाकला. मी पाय मागं घेतले. त्याला वाटलं, मला संकोच झाला.

दोन दिवसांनी निरोप आला, वहिनीला सांगा, भुंगा मधावानी बोलतोय. मी पेढ्याचा पुडा गोठ्यात नेऊन गाईपुढं सोडला.

मोळीच्या दिवशी मी आन आत्याबाई एस्टीनं नगरला आन तिथनं श्रीगोंद्याच्या गाडीनं कारखान्यावर गेलो. विधवा बाई, वरीस बी झालं न्हाई, आन चालली गान्याच्या कार्यक्रमाला. गाडीत आमच्याकडच्या एकीनं तोंडाला पदर लावला. लाव म्हनलं, लाव.

कारखान्याच्या पटांगणात मांडव घातला हुता, कडंनं बांबूवर भोंगे. एका अंगाला पाथर्डीकडनं आलेल्या ऊसतोड्यांच्या बैलगाड्या. मदी एक गाडी झेंडूच्या माळा घालून सजवलेली, तिच्यात पयल्या उसाची मोळी. ती चेअरमनसाहेबांच्या हातनं गव्हानीत टाकायची आन मग चरक सुरू. पुढं खुर्च्यांवर साहेबलोक, पुन्याची पार्टी. आप्पासाहेब बी हुते, त्यांचे व्याही तिथं संचालक. आमी दोगी ऊसतोड बायांत जाऊन बसलो. शेजारी गोजरबाई म्हनून एक हुती, काखेत कोयता, तिनं मला जागा करून दिली.

दुपार कलली तवा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. ऑर्केस्ट्राचे मालक सहादेव मास्तर, ते पेटी वाजवायचे. दोन गानी साधी झाली. मग मास्तरांनी माईक राधाकृष्णाच्या हातात दिला. त्यानं भांग सारखा केला आन म्हनला, "मंडळी, आता एक नवा आवाज ऐका. हा भुंगा मी माझ्या हातानं, रात रात जागून बनवलाय."

आत्याबाईंनी माझा हात धरला. मी म्हनलं, थांबा.

गानं सुरू झालं. त्यानं ऐटीत पाय टाकला, कळ दाबली. आन भोंगे ओरडले. ती ओरड अशी की पटांगणातल्या समद्या मानसांनी एकदम कानांत बोटं घातली. राधाकृष्ण दचकला, पन 'वहिनीनं सांगितलंय ना' म्हनून वाकला आन आवाजाचं बटन पुढं सारलं. भोंगे दुप्पट ओरडले. त्यानं आजून सारलं. गोंधळून पाय आपटला, भुंगा बंद झाला. भीतीनं परत आपटला, तो परत चालू. तिकडं सजवलेल्या गाडीचे बैल बिथरले, शिंगं हलवत मांडवाला वळसा घालून उधळले, आन मोळीचा ऊस पटांगणभर सांडला. चेअरमनसाहेब फेटा धरून खुर्चीमागं. गोजरबाई हसून हसून आडवी झाली. मला हसू आलं न्हाई. माझं काम आजून व्हायचं हुतं.

सहादेव मास्तरांनी झेप घालून वायर उपटली. समदं गप झालं. चेअरमनसाहेब तांबडेलाल झाले हुते. "तूच बनवलंयस ना ते?" त्यांनी इचारलं. "मग तुलाच आवरंना?"

तवा मी उठले. बायांतनं वाट काढत सरळ स्टेजच्या पायऱ्या चढले. मास्तर मला वळखत हुते, त्यांनी वाट सोडली. मी चेअरमनसाहेबांना हात जोडले. "साहेब, ज्यानं बनवला त्याला आवरता आला असता. तो गेला. मी त्याची बायको. मास्तर, वायर लावा."

"नको बाई," मास्तर म्हनले.

"लावा म्हनते ना."

त्यांनी लावली. मी राधाकृष्णाच्या पायाशी भुईवर बसले, जशी घरी बसायची तशी. डंख पाव. धार बंद. आवाज पुरा. "वाजवा भावजी," मी म्हनलं. त्यानं अंगठ्यानं जाड तार छेडली.

भुंगा बोलला. खोल, जाड, पोटात घुमनारा. पावसाळाभर माझ्या घरात घुमलेला तोच. लोकांनी मान वळवली हो, समद्यांनी वळवली. पुन्याची पार्टी खुर्चीतनं पुढं सरकली. माझ्या डोळ्याला धार लागली हुती, पन हात बटनावरनं हलला न्हाई. तो दुसऱ्या बटनावर हुता, डंखाच्या.

"आता माईक तोंडाशी धरा," मी म्हनलं, "आन सांगा, हा भुंगा कुनी बनवला."

"वहिनी, हितं नको."

"हितंच."

त्यानं माईक धरला. "हा... आमी दोगांनी मिळून बनवला."

मी डंख वाढवला. त्याची गिटार गळ्यातच हुती, स्पीकर पाठीशी. भोंगे ओरडले, लोकांनी कान झाकले. मी मागं घेतला. गप.

राधाकृष्णाच्या कपाळावरनं घाम गळत हुता. तो माझ्याकडं वाकला आन कुजबुजला, "वहिनी, देव कोपलाय. त्या दिवशी तेल सांडलं तवाच मी समजलो. हे शनिदेवाचं हाय."

"देव न्हवं भावजी," मी म्हनलं. "मी हाय. बोला."

"गोरक्षनं बनवला," तो माईकमदी म्हनला.

"मोठ्यानं. आन नीट. माझ्या मालकाचं नाव गोरक्ष." मी ते नाव उभ्या जल्मात पयल्यांदा तोंडानं घेतलं, आन माईकनं ते धरून साऱ्या पटांगणावर टाकलं. बायांत कुजबुज झाली. होऊ दे म्हनलं.

"भुंगा गोरक्षनं बनवला. एकट्यानं."

"मग तुमच्याकडं कसा आला?"

"मी त्याच्या माघारी नेला."

डंख वर. भोंगे ओरडले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा कळवळून म्हनला, "सांग की रं बाबा खरं, कान फुटलं आमचं."

"घेतला," राधाकृष्ण म्हनला. "न इचारता घेतला."

मी आजून वर नेला. आता माझ्या बी कानात सळया गेल्यागत वाटत हुतं, पन मी हात काढला न्हाई. मास्तर मागं उभे, चेअरमन पुढं, जायचं कुठं? तो रडाय लागला.

"चोरला," तो ओरडला. "दहाव्याच्या दिवशी घरात कुनी न्हवतं, तवा चोरला. शिंगणापुरातनं चोरला."

मी डंख शून्यावर आनला. काय शांतता झाली म्हनून सांगू. बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत हुती. माझ्या अंगातनं काय तरी मोठं वझं उतरल्यागत झालं. गोड वाटलं. खोटं कशाला बोलू, लई गोड वाटलं.

आप्पासाहेब तरातरा स्टेजपाशी आले. "साळू," ते दबक्या आवाजात म्हनले, "गावाची अब्रू घालवलीस. शिंगणापुरात चोरी झाली हे आता चार तालुक्यांत जाईल. देवाचं नाव खराब केलंस."

"आप्पासाहेब, चोरी ह्यानं केली, आन नाव मी खराब केलं व्हय? देवाचं नाव देव संभाळील. माझ्या मानसाचं संभाळाय दुसरं कोन हुतं? तुमी हुता का?"

मागनं आत्याबाई आल्या हुत्या. आप्पासाहेबांच्या समोर जिंदगीत कवा तोंड न उघडलेली ती बाई म्हनली, "माझ्या पोराचं नाव घेतलं तिनं. तुमी घेतलं न्हाई." आन माझ्या शेजारी भुईवर येऊन बसली.

चेअरमनसाहेबांनी ऊस गोळा कराय लावला, बैल धरून आनले, कशीतरी मोळी गव्हानीत पडली. पुन्याची पार्टी तोंड फिरवून गाडीत बसून निघून गेली. मग मास्तर माझ्याकडं आले. "बाई, डबा तुमचा. घेऊन जा. पन एक बोलू? घरी नेऊन तुमी काय करनार? तिथं तो मुकाच ऱ्हानार. गोरक्षचा आवाज ऑर्केस्ट्रात तरी ऱ्हाऊ दे. दुसरा बासवाला मिळाला की..."

"दुसरा कशाला?" मी म्हनलं. "हाच वाजवील."

राधाकृष्णानं मान वर केली. त्याला वाटलं असंल, वहिनीला दया आली.

"मास्तर, भुंगा तुमच्याकडं ठेवते. बटनं कशी लावायची ते ह्याला खरं शिकवते. पन एक अट हाय. जिथं जिथं तुमचा कार्यक्रम हुईल, जत्रेत, लग्नात, कारखान्यावर, आमच्या शिंगणापुरात सुदीक, तिथं कळ दाबायच्या आदी ह्यानं माईकवर उभं ऱ्हायचं आन म्हनायचं: हा भुंगा गोरक्षनं बनवला, मी तो चोरला हुता. नेला न्हवं, घेतला न्हवं. चोरला. एक शब्द गाळला तर मी डबा उचलून नेनार, आन तिथनं पोलीस चौकीत जानार. कबुली आता हजार मानसांनी ऐकलीया."

मास्तर राधाकृष्णाकडं बघाय लागले. त्याला दुसरं काय येतच न्हवतं. बापाची जमीन न्हाई, मोटरी दुरुस्त करता येत न्हाईत. गिटार सोडली तर तो कुनीच न्हवता, हे त्याला ठाव हुतं, मास्तरांना ठाव हुतं आन मला बी ठाव हुतं.

"दर कार्यक्रमात, वहिनी?" तो म्हनला.

"दर."

त्यानं टावेलानं तोंड पुसलं. मग अगदी पोरावानी आवाजात म्हनला, "एखाद्या सालानं लोक इसरत्यात, तुमचा बी राग निवंल. तवर म्हनतो मी. पन सांगा तरी, किती दिस म्हनायचं?"

मी भुंग्याची तिन्ही बटनं शून्यावर फिरवली आन डबा त्याच्या हातात दिला.

"तुमचा दोस्त माघारी येईस्तोवर," मी म्हनलं.